ओळंब्याचं खालचं टोक

जमीन हलली की माणसं आधी देवाचं नाव घेतात, मग घरातली डोकी मोजतात. ही दोन्ही कामं आटोपली की त्या गावात तिसरं काम ठरलेलं असायचं. कोणीतरी ओळंब्याच्या दारात येऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, काका, मनोरा एकदा बघून घ्या.

त्याला खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकावर. बाकी सगळ्यांसाठी तो ओळंबा. खिशात कायम भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा एक पितळी ओळंबा, त्याला गुंडाळलेली दोरी, आणि वागण्यात तोच सरळपणा. लोक जरा कंटाळायचेच त्याला. कोणाकडे पाहुणा म्हणून गेला तर चहा येईपर्यंत यजमानांच्या भिंतीवरच्या तसबिरी सरळ करून ठेवायचा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेला, तर सासऱ्यांना म्हणाला, तुमची चौकट बोटभर उजवीकडे झुकली आहे. सासऱ्यांनी ती स्वतः बसवली होती. ते आठवडाभर जावयाशी बोलले नाहीत. त्याची बायको मात्र तोंडाला पदर लावून हसत होती. तिलाही ती चौकट लहानपणापासून खटकत होती, असं तिने त्याला परतीच्या वाटेवर सांगितलं.

तो गवंड्याचा मुलगा. पालिकेत गवंडी म्हणून लागला, मुकादम झाला, आणि आसपासच्या सात जुन्या दगडी मनोऱ्यांची देखभाल त्याच्या गळ्यात पडली. गळ्यात पडली असं बाकीचे म्हणायचे. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, नशीब उघडलं. त्या पट्ट्यात दर चार-सहा वर्षांनी जमीन हलायचीच, आणि प्रत्येक वेळी सातही मनोरे तपासावे लागायचे.

त्याची तपासायची पद्धत ठरलेली होती. पहिल्या दिवशी हात लावायचा नाही. चारही बाजूंनी लांब उभं राहून नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी भेगा. भेगेत अंगठ्याचं नख घालायचा. आत धूळ, काजळी, कोळ्याचं जाळं असेल तर भेग म्हातारी, तिला नमस्कार करून पुढे जायचं. कडा नुकत्या फुटलेल्या कपासारख्या पांढऱ्या आणि धारदार असतील तर भेग परवाची, तिथे थांबायचं. मग हातोडी. दगड खणखणीत बोलला तर आतून घट्ट, भद्द आवाज आला तर मागचा चुना सुटला. जुन्या भेगांवर त्याने काचेच्या पट्ट्या चुन्याने चिकटवून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर तारीख कोरलेली. भिंत जरा जरी सरकली तर काच तडकते. काचेला खोटं बोलता येत नाही, हे तो नव्या इंजिनिअरांना दरवेळी सांगायचा, आणि ते दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचे.

सातांमधला सहावा म्हणजे त्याच्या स्वतःच्या गल्लीतला घड्याळाचा मनोरा. गल्ली अरुंद, अकरा घरं, आणि टोकाला हा. आतून पोकळ, भिंतीला लागून वर जाणारा जिना. मनोरा पश्चिमेकडे किंचित कलतो हे सगळ्यांना माहीत होतं. किती आणि कसा, हे फक्त एका वहीला माहीत होतं.

वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, ओळंबा वर चढायचा. घड्याळाच्या खालच्या तुळईतल्या लोखंडी आकड्याला बारीक तार अडकवायचा आणि शिशाचं जड वजन पोकळीतून खाली सोडायचा. खाली तेलाने भरलेली बादली, म्हणजे वजन झोके न घेता शांत व्हावं. बादलीच्या काठाशी, फरशीत ठोकलेल्या दोन लोखंडी पायांवर एक पितळी पट्टी, मिलिमीटरच्या खुणांची. तार पट्टीवर कुठे येते ते गुडघ्यावर बसून वाचायचं आणि वहीत लिहायचं. मनोरा जितका कलेल तितकी तार पट्टीवर पुढे सरकते. काम दोघांचं. वरच्याने आकडा आणि तार सांभाळायची, वाऱ्याने हलू द्यायची नाही. वाचायचं खालच्याने.

पहिल्या वर्षी खाली वाचायला पालिकेचा कारकून येणार होता, तो आलाच नाही. ओळंब्याची बायको डबा घेऊन आली होती. ती कपडे शिवायची; काजं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गल्ली तिला शिवणकाकू म्हणायची. ती डबा बाजूला ठेवून गुडघ्यावर बसली, कंदील जवळ ओढला आणि वर ओरडून विचारलं, एकतीस आहे, पण अर्धा धरायचा की सोडायचा? वर ओळंब्याच्या अंगावर काटा आला. अर्धा मिलिमीटर दिसणारा माणूस त्याने त्याआधी पाहिला नव्हता.

तेव्हापासून अडतीस वर्षं खालचं टोक तिचंच. तार शांत व्हायला अर्धा-पाऊण तास लागायचा. मग वरून हा विचारायचा, "झालं का?" खालून ती म्हणायची, "थांबा जरा." थोड्या वेळाने पुन्हा, "झालं का?" आणि मग, "झालं." बस. त्या दोन शब्दांवर त्यांचं अडतीस वर्षांचं काम चाललं. काम झालं की मनोऱ्याच्या पायरीवर बसून दोघं चहा प्यायची. शिवणकाकूला वर्षातला तोच दिवस सुट्टीचा वाटायचा.

अशाच एका चहाच्या वेळी, निवृत्तीच्या वर्षी, ओळंबा जरा लहरीत येऊन म्हणाला होता, "तुझे डोळे आहेत म्हणून मी आहे. ज्या दिवशी तुला दिसेनासं होईल, त्या दिवशी ही वही बंद. दुसऱ्या कोणाच्या नजरेवर मी मनोरा तोलणार नाही." ती हसली होती. बायकोचं कौतुक करायची त्याची हीच रीत. वाकडी गोष्ट सरळ करता यायची, पण सरळ गोष्ट सरळ सांगणं जमायचं नाही. निवृत्तीनंतर इतर मनोरे हळूहळू दुसऱ्यांकडे गेले. घरात बसून तो असा मलूल झाला की बघवेना. ही एक वही तेवढी पालिकेने त्याच्याकडे राहू दिली आणि तिच्या जोरावर तो वर्षाचे बाकीचे दिवस ढकलायचा.

शिवणकाकू गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. शेवटचं वाचन करून दोन महिन्यांत गेली, तापाचं निमित्त होऊन. पुढच्या वर्षी ठरलेल्या तारखेला ओळंबा मनोऱ्याच्या दारापर्यंत गेला आणि किल्ली न लावता परत आला. बरोबर राहणारी लेक म्हणाली, बाबा, मी बसते खाली. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.

आणि मग जमीन हलली. भर दुपारी, मोजून अकरा सेकंद. गल्लीत कोणी दगावलं नाही, पण प्रत्येकजण मनोऱ्याकडे बघत घराबाहेर धावला. पालिकेने अकराही घरं रिकामी केली आणि माणसांना शाळेच्या सभागृहात नेलं. ओळंबाही लेकीबरोबर तिथेच, सतरंजीवर.

एकाहत्तराव्या वर्षी त्याने पुन्हा हातोडी काढली. पहिला दिवस लांबून. दुसरा दिवस भेगांचा. सगळ्या भेगा म्हाताऱ्या; एका भेगेत तर कोळीण अंडी घेऊन बसली होती, तिचं जाळंही फाटलं नव्हतं. काचपट्ट्या अख्ख्या. दगड खणखणीत. तिसऱ्या दिवशी तो इतका खुशीत होता की जिना चढताना गुणगुणत होता. त्याने तार सोडली. खाली लेक बसली होती. वेळ झाल्यावर त्याने सवयीने विचारलं, झालं का? आणि लेक म्हणाली, "बाबा, एकसष्ट."

वहीतला शेवटचा आकडा होता सत्तेचाळीस.

तो खाली उतरला, गुडघे कुरकुरत असताना वाकला, चष्मा पुसला, स्वतः वाचलं. एकसष्ट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तार सोडली. एकसष्ट. चाळीस वर्षांत जो मनोरा सोळा मिलिमीटर सरकला, तो अकरा सेकंदांत चौदा सरकला होता. भेगा म्हणत होत्या काही झालं नाही, काच म्हणत होती काही झालं नाही, आणि वही म्हणत होती, पळा.

मोठ्या ऑफिसातून एक इंजिनिअर बाई आल्या. वयाने त्याच्या लेकीएवढ्या, बोलायला मऊ, कामाला कडक. त्यांनी सगळं पाहिलं आणि शेवटी सभागृहात येऊन वही हातात घेतली. पानं उलटताना त्यांचा हात हळू झाला. इतकी वर्षं, एकाच माणसाने घेतलेली अशी नोंद मी कुठेच पाहिली नाही, असं त्या म्हणाल्या. कोणी लिहिली विचारलं. सभागृहातल्या चार बायका एकदम म्हणाल्या, आमच्या शिवणकाकूने. मुंगीच्या पायात पैंजण घालील अशी नजर होती बाईची. 

त्यानंतर बाईंनी जे सांगितलं ते त्यांनाही जड जात होतं. भेगांपेक्षा वही जास्त भरवशाची. चौदा मिलिमीटर म्हणजे पाया हलला असणार. पुढचा धक्का कधी येईल सांगता येत नाही. मनोऱ्याचे वरचे दोन मजले उतरवावे लागतील. त्यासाठी क्रेन आत आणायची, आणि गल्लीत क्रेन मावत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंची घरं पाडायची. अकराही. आठ दिवसांत अहवाल द्यायचा होता. त्याआधी प्रत्येक घराला एक तास मिळणार होता, सामान काढायला.

ओळंब्याच्या घराचा तास सकाळी दहाचा होता. लेकीने यादी दिली होती: कागदपत्रं, भांडी, आईची कात्री. डोक्यावर पालिकेची पिवळी टोपी घालून तो आपल्याच घरात चोरासारखा शिरला. दोन खोल्या, ओटा, खिडकीपाशी शिलाई मशीन. कात्रीसाठी त्याने मशीनचा खण ओढला. गेल्या दोन वर्षांत तो खण कोणी उघडला नव्हता. निदान त्याने तरी नाही.

वर सुयांची उशी होती. तिच्यात बारा सुया ओळीने टोचलेल्या, आणि प्रत्येक सुईत दोरा आधीच ओवलेला. हे त्याने पूर्वी पाहिलं होतं. किती नीटनेटकी आहे बाई, असं वाटलं होतं त्याला. उशीखाली जुन्या कापडात काहीतरी गुंडाळलेलं होतं. उलगडलं, तर तीन भिंगं. पहिलं लहान, दुसरं तळहाताएवढं, तिसरं बशीएवढं, जाड, त्याची मूठ हाताने गुळगुळीत झालेली.

तो मशीनच्या स्टुलावर बसला. शेवटची काही वर्षं तिने शिवणकाम सोडलं होतं. पाठ धरते म्हणाली होती. वर्तमानपत्र वाचायचं सोडलं होतं. त्यात असतं काय, म्हणाली होती. तांदूळ निवडायला शेजारणीला बोलवायची. गप्पा होतात म्हणाली होती. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे कारण होतं आणि त्याने प्रत्येक कारण घेतलं होतं. दगडातली केसाएवढी भेग नखाने शोधणारा हा माणूस, आणि ताटात रोज समोर वाढणाऱ्या बाईचे डोळे त्याला दिसले नव्हते. तास संपल्याची शिट्टी झाली तरी तो उठला नाही. शेवटी पालिकेचा माणूस आत आला आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. भिंगं हातातच होती, कात्री राहिलीच.

सभागृहात येऊन त्याने वही उघडली. आकडे त्याला पाठ होते, पण आज तो ते शिवणीकडे बघावं तसे बघत होता. सुरुवातीची बत्तीस वर्षं वेडीवाकडी: एकतीस, साडेएकतीस, मग परत एकतीस, मध्येच दीडने उडी. बरोबरच होतं. कडक उन्हाळ्यानंतर दगड वेगळा वागतो, ओल्या वर्षी वेगळा. मग चव्वेचाळीस. आणि त्यानंतर शेवटच्या सहा नोंदी: साडेचव्वेचाळीस, पंचेचाळीस, साडेपंचेचाळीस, सेहेचाळीस, साडेसेहेचाळीस, सत्तेचाळीस. अर्धा, अर्धा, अर्धा. एका मापाचे टाके घालावेत तसे. कुठलाच दगड असा चालत नाही. अक्षरही मोठं झालं होतं, ओळ सोडून खाली उतरलेलं. म्हातारपणी तुझं अक्षर सुधारलं, आता मलासुद्धा वाचता येतं, असं तो तिला चिडवायचा.

लेक चहा घेऊन आली. त्याने भिंगं तिच्यापुढे सतरंजीवर मांडली. लेक खाली बसली. कप बाजूला ठेवला.

"मध्यभागी काळा डाग आला होता तिला," ती म्हणाली. "कडेकडेचं दिसायचं, म्हणून घरात वावरायची. डॉक्टर म्हणाले, याला चष्मा नाही. घरातली बटणं लावण्यापुरत्या सुया मी रविवारी ओवून ठेवायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती. म्हणाली, यांनी सांगून ठेवलंय, तुला दिसेनासं झालं की वही बंद. वही बंद झाली तर हे अंथरूण धरतील. वर चढतात तोवर चढू देत."

 ओळंब्याला सगळ्यात आधी आला तो राग, आणि तो खरा राग होता. खोटे आकडे, मनोऱ्याचे, ज्याच्याखाली अकरा घरांतली माणसं झोपतात. एखादा हाताखालचा माणूस असं वागला असता तर त्याने त्याला पायरीवर उभं केलं नसतं. पण मेलेल्या माणसावर राग काढायचा तरी कुठे. आणि त्या रागाच्या मागोमाग ते चहाच्या वेळचं वाक्य आलं, त्याचं स्वतःचं, कौतुकाचं. ती सहा वर्षं बादलीशेजारी गुडघ्यावर बसत होती, समोर काळा डाग, वरून हा विचारतोय झालं का, आणि ती म्हणतेय थांबा जरा. त्या 'थांबा जरा'मध्ये ती काय करत असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तोंडावर टॉवेल घेऊन तो सभागृहात, सगळ्यांच्या देखत रडला. लोकांना वाटलं, घर जाणार म्हणून.

रडून झाल्यावर, तोंड धुताना, त्याला फरशी आठवली.

पाच वर्षांपूर्वी पट्टीखालची फरशी फुटली होती. त्याने नवी बसवली आणि पट्टी पुन्हा ठोकली. पट्टीची जागा भिंतीपासून मोजायची असते, भिंतीच्या दगडापासून. पण त्याच महिन्यात पालिकेने आतून खालच्या भागाला गिलावा केला होता, आणि काम संपवून घरी आल्यावर जेवताना त्याला शंका आली होती, आपण माप गिलाव्यापासून तर घेतलं नाही? घास हातात राहिला होता. उद्याचं वाचन आहेच, म्हणाला होता स्वतःशी. पट्टी चुकली असेल तर आकडा एकदम उडी मारील. दुसऱ्या दिवशी आकडा आला साडेपंचेचाळीस. उडी नाही. त्याने शंका तिथेच सोडली. स्वतःच्या मापापेक्षा बायकोच्या नजरेवर त्याचा जास्त विश्वास होता.

टॉवेल खांद्यावर तसाच टाकून तो मनोऱ्यात गेला. पट्टीसमोरच्या भिंतीवर छिन्नी धरली आणि हातभर गिलावा उडवला. मागे दगड निघाला. गिलाव्याची जाडी मोजली: बारा मिलिमीटर. दगडापासून पट्टी ठरलेल्या मापापेक्षा नेमकी तेवढीच लांब बसली होती, म्हणून आकडा बारा जास्त दाखवत होती. एकसष्टातून बारा गेले, राहिले एकोणपन्नास. बायकोने खरोखर डोळ्यांनी वाचलेल्या शेवटच्या चव्वेचाळिसापासून आठ वर्षांत पाच. मनोऱ्याची नेहमीची चाल धरली तर भूकंपाच्या वाट्याला फार तर दोन. भेगा खरं बोलत होत्या. काच खरं बोलत होती. मनोरा उभा राहणार होता आणि अकरा घरंही.

फक्त ते सांगायचं कसं, हा प्रश्न होता. पट्टी पाच वर्षांपूर्वी सरकली असेल, तर त्या वर्षी आकड्याने उडी का मारली नाही? याला एकच उत्तर होतं.

दुसरं उत्तर लेकीने काढलं. ती हुशार होती, आणि आईची होती. ती म्हणाली, फरशी आई गेल्यावर बसवली असं सांगा. माप तुमचं चुकलं, एवढंच. मनोरा वाचतो, घरं वाचतात, आईचं नाव राहतं. कोण विचारायला येणार आहे? मग तिने त्याचा हात धरला. "तिच्याकडे काय होतं हो बाबा दुसरं? सगळी गल्ली तिच्या नजरेचं नाव काढते. तेवढं तरी ठेवा तिचं."

ओळंब्याला ते पटलं. खोटं कशाला बोला, मनापासून पटलं. त्या दिवशी दुपारी तो तेच सांगायचं ठरवून इंजिनिअर बाईंसमोर बसला. बाईंनी गिलावा पाहून घेतला होता, मोजला होता, त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी अहवालाचा कागद पुढे केला आणि विचारलं, काका, फरशी कधी बसवली?

त्याच्या समोर टेबलावर वही होती. बाईंनी तिला नवं प्लास्टिकचं वेष्टण घातलं होतं. आता ही मोठ्या ऑफिसात राहणार, पुढच्या प्रत्येक धक्क्यानंतर हीच उघडतील, असं त्या सांगत होत्या. ओळंब्याने ते वेष्टण पाहिलं. ते सहा आकडे आत तसेच राहणार होते, एका मापाचे. तो नसेल, लेकही नसेल, कोणीतरी त्या सहा आकड्यांवर बोट ठेवून ठरवील की खाली माणसं झोपली तरी चालतील.

"पाच वर्षांपूर्वी," तो म्हणाला.

बाईंनी वहीत पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फार हळू विचारलं, किती नोंदी? सहा, तो म्हणाला. त्याआधीच्या? त्याआधीच्या बत्तीस वर्षांच्या नोंदींवर मी माझी मान ठेवतो. बाई म्हणाल्या, या सहांपुढे शेरा लिहावा लागेल, आणि कारणही. मी लिहू का? तो म्हणाला, नको, मी लिहितो.

वेष्टण काढून त्याने वही पुढे ओढली. सहा आकड्यांपुढे सहा वेळा लिहिलं: वाचलेला नाही. मग कारणाच्या जागी तो थांबला.  आणि त्याने लिहिलं: 'वाचणारीची नजर गेली होती. वर उभ्या असलेल्या माणसाने तिला कधी विचारलं नाही.' खाली सही केली.

बाईंनी ते वाचलं आणि वही परत वेष्टणात घातली. त्यांनी त्यात एक अक्षर बदललं नाही.

दहा दिवसांनी लोक घरी परतले. बातमी गल्लीत फिरायची ती फिरलीच. एक-दोघी म्हणाल्या, शिवणकाकू खोटं लिहीत होती म्हणे. बाकीच्या गप्प बसल्या. ज्या शेजारणीने वर्षानुवर्षं तांदूळ निवडून दिले होते ती तर ओळंब्याच्या ओट्यापाशी येऊन न बोलता बसून गेली. लेक महिनाभर बापाशी कामापुरतं बोलली. एका रविवारी तिने मशीनचा खण उघडला, उशीतल्या बारा सुया बघितल्या, आणि तशाच परत ठेवल्या. त्या दिवशी तिने त्याला जेवायला स्वतः हाक मारली.

पट्टी दगडापासून मोजून पुन्हा बसवली. वर्ष सरलं, ठरलेली तारीख आली. पालिकेने कल मोजायला दुर्बिणीचं नवं यंत्र देऊ केलं होतं. तो म्हणाला, तेही लावा, पण मी वर जाणार. जिन्यात चार ठिकाणी बसत तो चढला. तार सोडली. वजन तेलात शांत होईपर्यंत थांबला. खाली कंदिलाच्या उजेडात लेकीचं डोकं दिसत होतं, वरून अगदी लहान, आईसारखाच मधोमध भांग.

त्याने तोंड उघडलं, आणि अडतीस वर्षांचे दोन शब्द जिभेवर आले. ते त्याने गिळले.

"दिसतंय का?" त्याने विचारलं.

लेकीने वर पाहिलं.

"दिसतंय, बाबा."

"नीट दिसतंय ना?"

"हो."

थोडा वेळ गेला. तिने वाचलं, वहीत लिहिलं, आकडा वर ओरडून सांगितला. काम झालं होतं, तार ओढून घ्यायला हरकत नव्हती. पण वरून पुन्हा तेच आलं, जरा फाटलेल्या आवाजात, "दिसतंय का गं तुला?" ते आपल्याला विचारलेलं नाही हे लेकीला कळलं. तरी तिने बादलीशेजारी गुडघ्यावर बसल्या बसल्या उत्तर दिलं, आणि तो जितक्या वेळा विचारत राहिला तितक्या वेळा दिलं.